बाप नव्हे, तोच

नाशिक, सोमवार
२१ नोव्हेंबर १९८३

चि. जयराम यास,

आबाचा जय भीम. इकडे आम्ही दोघे बरे आहोत. तुझ्या आईचा खोकला ओसरला. थंडी पडू लागली आहे, पण मुंबईत तुला स्वेटर लागत नसेल. येत्या रविवारी तुमच्या कंपनीच्या फुटबॉल टीमची फायनल आहे आणि त्यानंतर तुला पर्मनंट करणार, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक झाले आहे. मीच सांगितले.

काल गंगापूर रोडला एका हॉलमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांवरचे माहितीपट दाखवले. शेजारचा चिमाजी म्हणाला, "चला, आपला जयराम पुढं कोण होणार ते बघून येऊ." तुझी आईही आली. बोलणे सगळे इंग्रजी. माझे इंग्रजी गावच्या शाळेतले, पाट्या वाचण्यापुरते. पण चिखलात ती माणसे काय पळत होती!

एका क्लबाच्या फिल्ममध्ये ठेंगणा, मोजे घसरलेला गडी होता. मैदानात पडला. त्याला उचलून आत नेले, गुडघ्यात सुई दिली. गडी उठला, पळत गेला आणि गोल केला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही, जरा जोरातच.

मला तू आठवलास. विजयादशमीला येऊन परत जाताना तू स्टँडवर हळूच म्हणालास, "आबा, सुई दिली की पाय आपला नसल्यासारखा होतो. आईला सांगू नका." मी म्हणालो, "मग बरं आहे."

पुढे पडद्यावर एक म्हातारा आला. कठडा धरून, पाठमोरा जिना उतरत होता. चिमाजी ओरडला, "हा बघा याचा बाप! पोराच्या जिवावर बंगल्यात राहतोय." लोक हसले.

आमच्या मागे खेळाचे सर बसले होते. ते म्हणाले, "बाप नव्हे, तोच आहे तो. त्या सुयांनी गुडघे गेले म्हणून सांगतोय."

"काहीतरीच काय सर!"

"बेचाळिशीचा आहे."

माझ्याहून लहान, जयराम.

घरी येताना तुझ्या आईने विचारले, "आपल्या पोराला बी देत्यात का वो असली सुई?"

मी म्हणालो, "नाय."

"मग तुमचं तोंड असं का झालंय?"

"थंडीनं."

आज सकाळी पंचशील म्हणताना खोटे न बोलण्याच्या शीलापाशी जीभ अडली. तुझी आई चूल पेटवत होती, तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितले. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "पर्मनंट पाय आधी, नोकरी मागनं."

तिला सोपे वाटते. तुझ्या जागी दुसरा उभा करतील, नोकरी हातची जाईल, कॉलनी विचारील, हे सारे मला दिसते आहे. पत्र लिहितानाही दोनदा वाटले, एवढी एक मॅच होऊन जाऊ द्यावी. दर वेळी तो जिना डोळ्यांपुढे आला.

सुई घेऊ नकोस. साहेबांना नाही म्हणणे तुला जड जाईल, जाणतो. म्हणून शनिवारी सकाळच्या एसटीने मी येतो आहे. त्यांच्याशी मी बोलेन. माझे बोलणे त्यांना गावंढळ वाटले तर वाटू दे, तू मध्ये पडू नकोस.

मी पोचेपर्यंत त्या पायावर भार देऊ नकोस.

तुझा,
आबा