मंगळावरच्या कुरडया

अहो,

आज लिहायला बसले, कारण तुमच्या मॉडेल क्लबचे मोरेसर सकाळी तुमचा हत्यारांचा डबा देऊन गेले. उद्या शिरूरला प्रदर्शन आहे, तुम्ही गेल्यानंतरचं पहिलंच. तुमचं 'मंगळावरचं गाव' हे मॉडेल मधोमध ठेवणार आहेत. शेजारी तुमचा फोटो, त्याला हार.

डबा उघडला. ब्लेड, चिमटे, ब्रश. आणि तळाशी कापसात गुंडाळलेली, मी केलेली बोटाएवढी म्हातारी.

रस्त्यात पडली होती ना ती?

त्या गावाचा घुमट तुम्ही केकच्या डब्याच्या झाकणाचा केलात, गाडीला औषधाच्या बाटल्यांच्या बुचांची चाकं लावलीत. माणसं मात्र माझी. तारेवर पुट्टी चढवून, हेल्मेटसकट केलेली. माहेरी शिरूरच्या चर्चमध्ये नाताळची गव्हाण मांडायचो, तेव्हापासूनचा हात आहे माझा. बाळ येशूजवळ मेंढपाळ असायचेच, पण आम्ही दळणारी बाई, कोंबड्या, सायकलवरचा पोस्टमनसुद्धा ठेवायचो. बाळ जन्मलं तिथं शेजारपाजार नको का? त्याच सवयीनं मी मंगळावर घुमटाबाहेर एक म्हातारी बसवली. अंगात अंतराळवीराचा पोशाख, पुढ्यात वाळत घातलेल्या कुरडया.

तुम्ही हसून हसून बेजार झालात. म्हणालात, "राहू दे. तिथं पाऊस न्हाई, कावळं न्हाईत. मस्त वाळतील."

मग यवतच्या प्रदर्शनात मी पोचले, तर म्हातारी गायब. कुरडयाही गायब. "पडली असंल गं, गतिरोधकावर उडून," तुम्ही म्हणालात. परतताना मी आपल्या वरवंडच्या फाट्यावर गाडीवरून उतरले आणि प्रत्येक गतिरोधकापाशी वाकून बघत घरापर्यंत चालत आले. तुम्ही मागून हळूहळू गाडी चालवत होता. "जाऊ दे ना, दुसरी कर," म्हणत होता. तेव्हा ती तुमच्या खिशात होती का हो?

मोरेसरांना आज फोन करून विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, मीच बोललो व्हतो त्यांना. कुरडया बघून लोक हसत्यात, क्लबचं नाव जातंय. त्यांनी लगीच ब्लेडनं काढली. एका शब्दानं भांडले न्हाईत."

एका शब्दानं नाही. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर केवढं बोलायचात!

लोक हसले याचा मला राग नाही. त्यांनी हसावं म्हणूनच तर केली होती. तुम्हाला माझ्या कामाची लाज वाटली आणि ते तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, याचा राग आहे. क्लबात कुणी विचारलं, माणसं कुणी केली, तर तुम्ही म्हणायचात, "घरीच केली." घरी म्हणजे कुणी? भिंतींनी?

पायापाशी अगदी साफ कापलंय. एवढं नीट कापता येत होतं, मग नीट बोलता का आलं नाही?

फेकून दिली असतीत तर बरं झालं असतं. रागावून मोकळी झाले असते. कापसात कशाला ठेवलीत? हेल्मेटची काचही परत रंगवलेली दिसते. परत बसवणार होतात का? की मला द्यायची होती? आता हे विचारू कुणाला? सकाळी तुमच्या फोटोपुढं मोठ्यानं ओरडले, तर शेजारच्या काकू भाकरी तव्यावर टाकून धावत आल्या.

दुपारी बसून पुट्टीच्या नव्या कुरडया केल्या. वाळल्यात. उद्या हार घालायच्या आधी मी हॉलवर पोचेन आणि म्हातारीला तिच्या जागी चिकटवेन. मोरेसरांना काय म्हणायचं ते म्हणू देत. कुणी विचारलं, ही कुणी केली, तर माझं नाव सांगेन, तुमच्या फोटोशेजारी उभी राहून. तुम्ही तेव्हाही गप्पच असाल. पण या खेपेला तिला खिशात घालता येणार नाही.

अजून रागात असलेली,
तुमची मार्था