पोलिश येतं हिला

९ फेब्रु., सोमवार
आमच्या जुन्या नाटक-ग्रुपच्या विनूदादाचा फोन. नवं नाटक बसवतोय, मुख्य भूमिका मला! तालमी रोज संध्याकाळी. पुढच्या सोमवारपर्यंत हो की नाही ते सांग, म्हणाला. सहा वर्षांनी कुणी विचारलं. हिंजवडीपर्यंत बसमध्ये उगाच हसत होते.
पण पोलंडचे कॉलही संध्याकाळचेच. मॅनेजरला म्हटलं, दुसऱ्या प्रोजेक्टवर टाक. "अगं, अख्ख्या कंपनीत पोलिश येणारी तू एकटी. तुला रिलीज केलं तर क्लायंट मला खाईल." वर सगळ्यांसमोर तोंडभर कौतुक.

१० फेब्रु.
मंदारला सांगितलं. नवरा म्हणून वाईट नाही, ओरडत नाही. फक्त म्हणतो, "आत्ता नको गं. एवढं प्रोजेक्ट संपू दे." मागच्या वेळीही हेच. प्रोजेक्ट कसली संपतायत, पुढचं व्हर्जन निघतं.
सासूबाई बिबवेवाडीभर सांगतात, आमच्या सुनेला पोलिश येतं. कंपनीच्या कामाला पोलंडमध्ये असताना हौसेनं शिकले. आता त्याच हौसेची कडी बाहेरून लागलीय.

१२ फेब्रु.
शनिवारी फिल्म क्लबतर्फे पोलंडच्या एका ज्येष्ठ नटाचा सत्कार. नाटक-सिनेमात हयात गेलेली. दुभाषी अर्थात मीच. ऑफिसनं आनंदानं पाठवलंय, स्टेजवर कंपनीचा बोर्ड लागणार ना. मंदारही येतो म्हणाला.

१५ फेब्रु., रविवार
काल सत्कार. ताडेउशआजोबा ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. पगडी, शाल, श्रीफळ. नारळ दोन्ही हातांत धरून मला हळूच विचारतात, "हा इथेच फोडायचा?"
अध्यक्ष नेहमीप्रमाणे आवरेनात. शेवटी म्हणाले, आता त्यांना कृतार्थ निवृत्त जीवन लाभो. मी पोलिशमध्ये सांगितलं. आजोबांचा चेहरा उतरला. "निवृत्त? पुढच्या महिन्यात माझा प्रयोग आहे."
पण उत्तरादाखल बोलले अगदी सभ्यपणे. आभार, माणसं प्रेमळ, जेवण उत्तम. मी मराठीत सांगितलं. मग माईक खाली ठेवायचा होता. नाही ठेवला. वर दिवे, समोर अंधार, पायाखाली लाकडी मंच, आणि...
"कौतुक करता करता तुम्ही लोक दार लावून घेता. मला शाल नको. मला काम करायचंय. मला घरी बसवू नका."
टाळ्या थांबेनात. सगळ्यांना वाटलं, आजोबाच बोलले.
विंगेत त्यांनी हात धरला. मराठीचं अक्षर कळत नाही, पण आयुष्यभर नट. "मी एवढं बोललो नव्हतो. ते कुणाचं होतं?"
"माझं."
"मग माझ्या नावावर का खपवलंस?"
लाज वाटली. आणि इतकं बरंही कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१६ फेब्रु., सोमवार
पेपरात फोटो, आजोबा पगडीत. खाली चौकटीत माझी वाक्यं, त्यांच्या नावानं. मंदारनं चहा पिता पिता मोठ्यानं वाचली. "काय बोललाय म्हातारा! अशा माणसाला घरी बसवायचं म्हणजे पापच." सासूबाईंनी मान डोलावली.
विनूदादाला आज सांगायचंय.
"मंदार, ते त्यांचं नाही. मी बोलले ते."
हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. ती चौकट पुन्हा पहिल्यापासून वाचतोय. मी आत येऊन हे लिहितेय. खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजतोय. मी चप्पल घातलेली नाही.