होड्यांच्या मागची जागा

फुजैरा, गुरुवार, १४ मार्च २००२

यांतोच्या गावच्या जागेचा फोटो आठवडाभर फ्रिजवर लावलाय. यांतो इथल्या बंदरात माझ्याच टर्मिनलवर कामाला असतो, इंडोनेशियातल्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावचा. तिथे त्यानं नि मी मिळून पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायच्या आणि नोकरी संपली की सुनंदानं नि मी तिथेच राहायला जायचं, हे माझं पक्कं आहे. अजूनही पक्कंच आहे.

पण आज संध्याकाळी चहा ओतता ओतता सुनंदा म्हणाली, "अहो, होड्या आपल्या जागेच्या मागे कशा ओढून ठेवल्यात?"

मी उठून फोटो जवळून पाहिला. पावसाळ्यात लाट पोचणार नाही इतक्या वर होड्या ओढतात, हे आमच्या देवगडात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे आमच्या चार खोल्या होड्यांच्याही पुढे, लाटेच्या तोंडी! इतकी वर्षं इथे आखातात राहून मी तेवढंही विसरलो? आठवडाभर फोटोतले माड मोजत बसलो होतो.

लगेच यांतोला फोन लावला. ऐटीत म्हटलं, "हबीबी, मी कोकणातला. मला जागा होड्यांच्या मागची हवी."

तो हसायलाच लागला. "आई म्हणालीच होती, आधी फोटो दाखव. होड्यांचं विचारलं तरच त्याला भागीदार कर. मागची जागाही आमचीच आहे. खलास, ठरलं!"

फोन ठेवला तर सुनंदा समोरच. "काय म्हणाले?"

"मागची जागा देतोय," एवढंच सांगितलं.

बाकीचं फक्त इथे लिहितो. परीक्षा तिनं दिली, पास मी झालो.