पिंपातली जास्वंद

आई, कळ्या कुणीच तोडत नव्हतं. आता हे तुला सांगून काय उपयोग, पण सांगते. तीनेक आठवड्यांपूर्वी सकाळी माझ्या गच्चीत फरशीवर पडलेली जास्वंदीची एक कळी उचलली आणि नखानं उभी चिरली. आत पांढरी अळी होती, तिळाहून बारीक, वळवळत होती. दुसरी चिरली, तिच्यातही तेच. तशीच उठून नर्सरीत गेले. तिथल्या बाई पाइपानं पाणी घालत होत्या, त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "जास्वंदीला होतंच ते. बारकी माशी कळीत अंडी घालते, अळी आतून खाते, मग कळी पिवळी पडून गळते. पडलेल्या कळ्या कुंडीत टाकू नका हं, अळी मातीत उतरते आणि पुन्हा नवी माशी होऊन वर येते." मी तिथल्याच एका पालथ्या कुंडीवर बसले. त्यांना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणून दिलं. तू तर पडलेली एकेक कळी उचलून परत पिंपातच पुरायचीस, झाडाचं झाडाला म्हणून.

काळेवाडीतल्या त्या पत्र्याच्या सात खोल्या आता नाहीत. मला मात्र अंगण लख्ख दिसतं. शहाबादी फरशी, कोपऱ्यात सगळ्यांचा मिळून एक नळ, नळाखाली कपडे धुवायचा दगड, आणि मालकाच्या शेळ्या, ज्यांना आमच्या कुणाच्याच उंबऱ्याचा मुलाहिजा नव्हता. तू तेव्हा नदीपलीकडे एका कंपनीच्या बागेत रोजंदारीवर जात होतीस. तिथला म्हातारा माळी मोठ्या साहेबाच्या व्हरांड्यासाठी जास्वंदीची झाडं करायचा: खाली सरळ एकच खोड, वर गोल गरगरीत डोकं, जमिनीत नाही तर पिंपात. ते तू बघितलंस आणि तुझ्या मनानं घेतलं. छाटणीतली एक वीतभर काडी तू जेवणाच्या डब्यात भाकरीच्या फडक्याखाली घालून गेटाबाहेर काढलीस. वॉचमननं डबा उघडायला लावला असता, तर त्याच डब्यानं तू त्याचं डोकं फोडलं असतंस. माझ्या वडिलांनी, दादांनी, भंगारातून तेलाचं अर्धं कापलेलं पिंप आणलं, तुम्ही दोघांनी छिन्नीनं त्याच्या बुडाला भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे घातले.

झाड उंच हवं होतं ते शेळ्यांसाठी. "मागल्या पायांवर हुबी ऱ्हायली तरी तोंड पुरता कामा न्हाई," असं तू म्हणायचीस. खोडाला बाजूनं फुटलेला प्रत्येक कोंब तू अंगठ्याच्या नखानं खुडायचीस. शेजारी लोखंडी सळई रोवलेली, तिला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी झाड बांधलेलं, चिंधी मध्ये पिळून, म्हणजे खोड सळईला घासायला नको. दर महिन्याला गाठी सोडून पुन्हा सैल बांधायच्या. आठवड्यातून एकदा पिंप थोडं फिरवायचं, नाहीतर झाड उन्हाकडे कलतं. ते फिरवायला मी लागायची. बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. एकदा चिंधी सापडली नाही म्हणून मी दादांच्या पेटीतल्या तारेनं खोड आवळलं. तू ते बघितलंस, चुलीजवळची फुंकणी उचललीस आणि माझ्या पाठीत घातलीस. चार, पाच, मोजायचं मी सोडून दिलं. मग खाली बसून तू ती तार इतक्या हळू सोडवलीस, की साल कुठं खरवडली नाही.

मला तुझी भीती वाटायची, आई. नुसता धाक नव्हता तो, भीती होती. तू मारायचीस तेव्हा तोंडातून एक शब्द निघत नसे. आमच्या शेजारणी आपल्या पोरांना शिव्या घालत, रडत, हात उगारून निम्म्यात थांबत. तुझं तसं नव्हतं. हाताला येईल ते तू उचलायचीस आणि पुरतं मारायचीस. एक शेळी एकदा खोडाला अंग घासताना दिसली तर तू दगड फेकून तिचा पाय मोडलास. मालकीण भांडायला आली आणि दादा खाली मान घालून उभे राहिले, तू मात्र पिंपाला पाणी घालत राहिलीस. तीच बोटं कोंब खुडताना किती अलवार व्हायची ते बघून मी त्या झाडाचा द्वेष करायची. अकरा वर्षांची मुलगी एका झाडाचा द्वेष करायची, हे तुला कधी कळलं का? कळलं असतं तर त्याबद्दलही मारलं असतंस.

खोड तुझ्या खांद्याला लागलं तेव्हा तू शेंडा खुडलास. मग फांद्या फुटल्या, त्यांचे शेंडे खुडलेस, पुन्हा फुटल्या, पुन्हा खुडलेस. तीन वर्षांनी ते डोकं असं भरलं, की मधूनमधून येणारीजाणारी माणसंही थांबून बघू लागली. त्याच सुमारास शेजारच्या खोलीत मावशी राहायला आल्या. दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेलं कुटुंब, नवरा लोडिंगच्या कामाला, आणि मावशी एका शेडमध्ये मोटारींच्या कॉइल भरायच्या. केसासारखी तांब्याची तार, एकाशेजारी एक वेढा, एकही वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये. त्यांची बोटं मला फार आवडायची. त्या मला वेढे मोजायला बसवत आणि चुकले की हसत. त्यांनी एकदा तुझ्याकडे पानं मागितली.

"दोन-चार पानं द्या की वहिनी, तेलात उकळते, लेकीच्या डोक्याला लावते."

"पान तोडशील तर हात तोडीन तुजा," तू म्हणालीस.

सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या. तू हसली नव्हतीस, पण ते कुणी बघितलं नाही.

गणपतीच्या आधी झाडाला पहिल्या कळ्या धरल्या. पहिलं फूल गणपतीला, असं तू बोलून बसली होतीस. आणि मग रोज सकाळी फरशीवर कळ्या पडलेल्या. करंगळीच्या पेराएवढ्या, देठाशी पिवळ्या. पहिल्या दिवशी तू वाऱ्याला दोष दिलास. दुसऱ्या दिवशी शेळ्यांना, पण शेळी खाईल, खाली टाकून जाईल कशाला? मग तू माणसांकडे बघायला लागलीस. मी तुला ओळखत होते. तू सगळ्या खोल्यांच्या दारांकडे एकेक करून बघत होतीस, आणि चार दिवस घरात कुणाशी बोलली नव्हतीस. दादा सेकंड शिफ्टला लवकर निघून जायचे, मला तुझ्याजवळ ठेवून. त्याबद्दल त्यांचाही मला राग आहे.

चतुर्थीला तीन दिवस उरले होते. तू माझी वेणी घालत होतीस. घालता घालता वेणी मुळाशी पिळलीस.

"तू तोडल्यास?"

"न्हाई, आई."

"मग कुनी? दिसभर अंगनात असतीस. बघितलंस का न्हाई?"

डोकं मागे गेलं होतं, मला फक्त पत्रा दिसत होता. तुझी दुसरी मूठ कुठं आहे ते दिसत नव्हतं, आणि ती बसायची वाट बघणं मला सोसेना. तो हात माझ्यावरून दुसरीकडे जावा, एवढंच मला हवं होतं. कुठं जाईल ह्याचा विचार मी केला नाही. केला असता तरी बोलले असते, हे आता ह्या वयात कबूल करायला हरकत नाही.

"मावशीनं," मी म्हणाले.

"कवा?"

"सकाळी. नळाला जाताना." तपशीलही मीच पुरवला.

तू वेणीला रिबीन बांधलीस, नीट, रिबिनीचं फूल काढून, आणि उठलीस. मावशी नळाखाली दगडाशी उकिडव्या बसल्या होत्या, साबणाच्या हातानं चादर घासत. कपडे बडवायचं धोपटणं बाजूला पडलं होतं. तू चालत गेलीस, पळत नाही. डाव्या हातानं त्यांचं उजवं मनगट धरून दगडावर दाबलंस आणि बोटांवर धोपटणं घातलंस. त्यांना आधी कळलंच नाही, त्या वर बघून "वहिनी?" म्हणाल्या. दुसऱ्या घावाला त्या ओरडल्या. तिसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज आला, तो मी उंबऱ्यात बसून ऐकला. "म्या न्हाई तोडल्या, माय! लेकरांची शपथ, म्या न्हाई!" त्या नुसतं एवढंच म्हणत होत्या, म्हणजे तू काही न सांगताच त्यांना कशाबद्दल मार बसतोय ते समजलं होतं. बायका धावल्या, एकीनं तुझे केस धरले, तू तिच्या तोंडावर कोपर मारलंस आणि तिचा ओठ फाटला. शेवटी मालकानं तुला मागून कवळ घालून ओढलं तेव्हा तू त्याच्या हाताला चावलीस. चादरीवर साबणाचा फेस लाल झाला होता. मी एकदाही ओरडले नाही, की नका मारू, मी खोटं बोलले.

चौकीवर हवालदारानं विचारलं, "कळ्या तोडताना बघितलं कुणी?" मी तुझ्या मागे उभी होते. आता तू मला पुढं ओढशील असं मला वाटलं, माझे पाय ओले झाले होते. तू म्हणालीस, "मी बघितलं. माज्या डोळ्यांनी." त्यानं दोनदा विचारलं, तू दोनदा तेच सांगितलंस. मावशींच्या नवऱ्यानं तक्रार लिहू दिली नाही, परक्या मुलखात कोर्टकचेऱ्या कोण करणार. दादांनी हात जोडले, त्यांच्या पायाही पडले. प्लास्टर निघालं तेव्हा मावशींची दोन बोटं वाकडीच राहिली. तार हातात धरवेना, शेडमधलं काम गेलं. दसऱ्याच्या आत त्यांनी खोली सोडली. टेम्पोत चढताना त्यांना एका हातानं धरता येईना म्हणून लेकीनं खालून ढकललं. तू दारात उभी राहून ते बघत होतीस.

आणि कळ्या पडतच राहिल्या. शेजारची खोली रिकामी, दाराला कुलूप, आणि फरशीवर सकाळी कळ्या. तू त्या ओंजळीत घेऊन खूप वेळ उभी राहिलीस. मग माझ्याकडे बघितलंस. मी आत गेले, फुंकणी घेऊन आले आणि तुझ्या पायाशी ठेवली. खरंच सांगते, तेव्हा तू मला मारून टाकलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. तू फुंकणीकडे बघितलंही नाहीस. आतून कोयता आणलास आणि एका घावात झाडाचं डोकं उडवलंस. तीन वर्षांचं ते हिरवं डोकं कळ्यांसकट फरशीवर आपटलं. "य्ये, य्ये," म्हणून तू शेळ्यांना हाक मारलीस. त्या आधी बिचकल्या, दगड त्यांच्या लक्षात होता, मग एकेक करून आल्या आणि खायला लागल्या. पिंपात सळई आणि तिला चिंध्यांनी बांधलेला बोडका दांडा उभा राहिला, तो पुढं कितीतरी दिवस कुणी काढला नाही.

त्या दिवसानंतर तू मला कधी मारलं नाहीस. वेणीही घातली नाहीस, माझी मीच घालायला शिकले. लोकांना वाटलं तू निवळलीस. दादांनाही तसंच वाटलं. मला तुझी भीती वाटायची ती तशीच राहिली, फक्त आता तिला मार नव्हता, आणि मार खाऊन सुटून जायची सोय नव्हती. तू मला एक शब्द विचारला नाहीस, मी सांगितला नाही. पुढं तू गेलीस. शेवटच्या आजारात मी तुझं सगळं केलं, अंग पुसलं, केस विंचरले, आणि तेव्हाही तू पत्र्याकडे बघत पडून होतीस, मी फणी फिरवत होते.

ही जास्वंद मी तयार आणली, काठीवरची, डोकं भरलेली. नर्सरीत दिसली, गेटापर्यंत जाऊन परत आले आणि घेतली. सुनेला वाटतं, आईंना झाडांची हौस आहे. चिंध्या मी तुझ्यासारख्याच बांधते. पडलेल्या कळ्या आता पिशवीत बांधून कचऱ्यात टाकते, आणि पंधरा दिवसांत फरक दिसला, काल दोन फुलं उमलली. तुझं झाडही एवढ्यानं वाचलं असतं. ह्याचा मला इतका संताप आला, की मी ती दोन्ही फुलं तोडून भिंतीवर आपटली.

आज मी चिखलीला जाऊन आले. मावशींचा मुलगा तिथं वर्कशॉप चालवतो, पत्ता मिळवणं अवघड नव्हतं, इतकी वर्षं मी मिळवला नव्हता एवढंच. मावशी पार वाकल्या आहेत. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, मग म्हणाल्या, "अगं बया, वेढे मोजणारी!" मी त्यांना अळीचं सगळं सांगितलं. एक किडकी कळी कागदात बांधून नेली होती, ती उघडून दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"म्हंजी कुनीच न्हाई तोडल्या," त्या म्हणाल्या.

"कुणीच नाही."

"मंग तुझी माय चौकीत बोलली, म्या डोळ्यांनी बघितलं म्हून. देवाला भिणारी बाई, खोटं कामून बोलंल? म्या जलमभर इचार केला, लेकरा. कंदी कंदी मलाच वाटायचं, झोपेत तर न्हाई तोडल्या म्या?"

सांगायचं होतं ते इथंच सांगायचं होतं. त्यासाठीच गेले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या, घाई काही नव्हती, आत कुणीतरी चहा टाकला होता.

"आई खोटं बोलली, मावशी," मी म्हणाले.

त्यांनी ती वाकडी बोटं माझ्या केसांवरून फिरवली, म्हणाल्या, तुझा काय दोष त्यात. आणि आई, मी फिरवू दिली.