पाणी सुटण्याच्या सूचनेनंतर गावकरी नदीवर जातात, त्याबाबत

प्रति,
मा. नायब तहसीलदार (आपत्ती व्यवस्थापन),
तहसील कार्यालय, ता. पवनी, जि. भंडारा

विषय : धरणातून पाणी सोडण्याची पूर्वसूचना द्यावी किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

संदर्भ : आज सकाळी १०.४० वाजता भ्रमणध्वनीवर आलेला संदेश.

महोदय,

मी गावच्या वाचनालयाचा माजी ग्रंथपाल आहे. मी शुद्ध वाचतो म्हणून गेल्या वर्षी ग्रामसभेत भोंग्यावरून सूचना देण्याचे काम माझ्याकडे आले. माझा आवाज बारीक आहे हे तेव्हाच सांगायला हवे होते. सभेत बोलण्याचे धैर्य झाले नाही.

१. पाणी सुटले की नाल्याच्या तोंडाशी मासोळी उलटी चढते. गावातील मासेमारी करणारे धिवर बांधव अशा वेळी नावा वर ओढून घरी बसतात. जाळी घेऊन निघतो ते आम्ही धानशेतीवाले. पूर्वी पाणी कधी येणार हे ठाऊक नसल्याने पाच-सात जण जात. आता मी नेमकी वेळ सांगतो, त्यामुळे साठ जातात.

२. यात दोष माझ्या वाचनाचा असावा असे समजून मी मजकुरात बदल करून पाहिले. 'जीवितास धोका' हे शब्द दोनदा वाचले, तर पाणी मोठे म्हणजे मासोळीही मोठी असा अर्थ घेतला गेला. वेळ गाळली, तेव्हा लोक वेळ विचारायला वाचनालयात आले. इतके लोक मी तेथे पूर्वी पाहिले नव्हते. मी सांगून टाकली.

३. मागील खेपेस माझे शेजारी टिकाराम यांचा पाय घसरला. त्यांच्याच जाळ्याला धरून चौघांनी त्यांना बाहेर ओढले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले व म्हणाले, "बाबूजी, थोडं आंगोदर सांगत जा ना. घाईघाईत गेलो म्हनून घसरलो." त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई सायंकाळी दारात उभ्या राहिल्या. "मानूस घरी निजला होता. तुमचा भोंगा वाजला अन् उठून गेला. आता नोका बोलू, हात जोडतो तुमाले."

४. गप्प बसावे, तर मंदाबाई शेळ्या घेऊन दररोज पात्रातील बेटावर असतात. माझी सूचना ऐकून त्याच एकट्या नदीतून बाहेर येतात. वेळ उशिराची सांगावी, तर त्या तेथेच राहतील. लवकरची सांगावी, तर लोक तितका अधिक वेळ पाण्यात उभे राहतील. हा हिशेब मी कागदावर अनेकदा मांडला. कोणीतरी उरतेच.

५. आजच्या संदेशानुसार पाणी दुपारी चार वाजता सुटणार आहे. सूचना तीन वाजता द्यायची आहे. टिकाराम यांनी सकाळीच अंगणात जाळे पसरून त्याची भोके शिवायला घेतली आहेत. संदेश मला आला हे त्यांना कसे कळले, मला माहीत नाही. कदाचित माझ्या चेहऱ्यावरून कळत असावे.

तरी नाल्याच्या वाटेवर आज एक गणवेशातील माणूस उभा करावा, ही विनंती. पोलीस शिपाई नसल्यास कोणीही चालेल. गावकरी गणवेशाला थांबतात. मला थांबत नाहीत.

हा अर्ज दीडच्या बसने पाठवत आहे. तो आपल्या टेबलावर येईपर्यंत चार वाजून गेलेले असतील, याची मला जाणीव आहे. दूरध्वनी दोनदा लावला, पण पलीकडून आवाज येताच मला बोलता आले नाही; ती चूक माझी. म्हणून तीन वाजता नियमानुसार सूचना वाचून मी स्वतः वाटेवर जाऊन उभा राहतो. टिकाराम बाजूने निघून गेल्यास मागोमाग जाईन. मला पोहता येत नाही, हे माहितीस्तव.

तसदीबद्दल क्षमा मागणारा,

यादोराव सोमाजी गभणे
दि. ९ ऑगस्ट २०२४, दुपारी १.१०

सोबत :
१) आजच्या संदेशाची हस्तलिखित प्रत
२) भोंग्याच्या कपाटाची दुसरी किल्ली