नामदेवच्या वाट्याचे पापड

२ एप्रिल
सुमनवहिनींकडे पापड. गल्लीतल्या सगळ्या जमलो. माझा पापड काही गोल होत नाही. वहिनींनी हातातलं लाटणं काढून घेतलं. "तू राहू दे वं मंगल. तू लिवलेली गोष्ट वाच."
वाचली. गोष्टीतला नामदेव, कापसाच्या जिनिंगवरचा चौकीदार, माझ्या मनातून आलेला. त्याचा कर्ता मुलगा गेला, तेव्हापासून ज्याच्या-त्याच्याशी भांडतो. मधे कोणीही सुनांचा विषय काढला नाही. आमच्या गल्लीत हे बक्षीसच.

५ एप्रिल
शोभाच्या अंगणात पुढचा भाग. तेरवीपर्यंत शेजारचे नामदेवला जेवण आणतात, मग कोणी फिरकत नाही. वहिनी चिडल्या, माझ्यावरच. "तेरवी झाली का भूक सरते काय माणसाची? धाड ना कोणाले भाकर घेऊन." पदर डोळ्याला. शोभाही मुसमुसत होती.
मी अशी फुगले! ब्लाउज शिवणारी बाई, अन् गल्ली रडवते.

६ एप्रिल
वहिनींबरोबर बाजारात गेले. वत्सलाकाकू दिसल्या, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या. दिवाळीत त्यांची लेक गेली, बाळंतपणात. तेव्हापासून जीभ तिखट. आज टमाट्यांवरून भाजीवाल्याशी जुंपली होती. वहिनींनी माझा हात ओढला. "चाल इकडून. आली भांडखोर."
काल नामदेवसाठी रडल्या त्या ह्याच. कागदावरच्या माणसाला पदर, अन् जित्या बाईला पाठ. फार राग आला. मग माझ्या लिहिण्याचा उपयोग काय...

८ एप्रिल
नवा भाग मुद्दाम लिहिला. घरात कोणी गेलं की वर्षभर त्या गमीच्या घरी पापड करत नाहीत. शेजाऱ्यांनी आपल्यातले द्यायचे, ही रीत. गोष्टीत नामदेवला द्यायचं सगळे विसरतात.
वाचला, तशी लाटणी थांबली. शोभा वहिनींकडे बघेना. वहिनी हळूच म्हणाल्या, "काकूच्या घरी यंदा कोणी..." उठल्या, वाळलेल्यांतले चांगले चांगले पापड निवडून बाजूला ठेवले. मग शोभानेही ठेवले.
मी काकूंचं नाव घेतलं नव्हतं. खरंच नव्हतं. आज ऊर अभिमानाने भरून आला.

१० एप्रिल
तिघी काकूंकडे पापड घेऊन गेलो. काकूंनी एक उजेडात धरून पाहिला. "इतके जाड? आमच्या घरी ढोरं जेवतात काय?" वहिनी म्हणजे एका शब्दाला चार देणाऱ्या. पण शांतपणे म्हणाल्या, "हो काकू, जाडच झाले. तुमच्यासारखा हात नाही आमचा."
काकूंनी डबा आत नेला. रिकामा परत द्यायला बराच वेळ लावला. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.
मला वहिनींचा अभिमान वाटतो. गोष्टीचा वाटला त्याहून जास्त.

१४ एप्रिल
आज माझ्याकडे पापड होते. काकू आल्या, स्वतःचं लाटणं घेऊन. शोभा सरकून बसली, त्यांना जागा दिली. मला वाचायला भीती वाटली. "वाच वं," काकूच म्हणाल्या. सगळं पहिल्यापासून वाचलं. त्या मान खाली घालून लाटत होत्या. पापड असे की आरपार दिसावं.
शेवटी त्यांनी विचारलं, "पुढं काय होते त्याचं?"
"अजून लिहिलं नाही, काकू. बरा करीन म्हणते त्याले."
"घाई नको करू," म्हणाल्या. "भांडू दे अजून थोडा."