चौकटीवरची दुसरी मुलगी

दिनांक ११ मार्च

नऊ महिने या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी. कामात होते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. घाबरले होते. जे लिहायचं टाळत होते ते आता मृत्युपत्रातच लिहिणं भाग आहे, म्हणून तेही या वहीतच लिहिते. वकीलबाई म्हणाल्या, "कागद कुठलाही चालेल. सही तुमची हवी आणि साक्षीदार दोन हवेत."

मी, वय वर्षे सत्तेचाळीस, अविवाहित, जुनी लहान घरं विकत घेऊन, नीट करून विकणं किंवा भाड्याने देणं हा माझा व्यवसाय, हे सर्व कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपणहून लिहीत आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. माझं मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कालचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी नाव, वार आणि तारीख विचारली. लहानपणी कुठे राहत होतात, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर दाखला मिळाला असता की नाही, सांगता येत नाही.

कलम १. बाजारामागची दोन खोल्यांची जागा आणि बँकेतली सर्व शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीला मिळावी. त्या जागेत राहणाऱ्या नर्सबाईंना त्या स्वतः म्हणेपर्यंत काढू नये. धाकटीला मी एकदा चारचौघांत "तुला धंद्यातलं काय कळतं?" असं म्हणाले होते. ती तेव्हा म्हणाली, "धंद्यातलं नाही कळत, ताई. पण घरमालकांना लिहितेस त्या तुझ्या एकाही पत्रात मी नाही. लहानपणी तू एकटीच होतीस का गं?" मी हसण्यावारी नेलं. ते शब्द मी परत घेते.

कलम २. विजेरी, ओल तपासायचं यंत्र आणि किल्ल्यांचा जुडगाही तिलाच. मोजायची टेप माझी घरं रंगवणाऱ्या रंगाऱ्याला द्यायची होती. पण तो या कागदाचा साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकीलबाईंनी बजावलं. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं. ती टेप मला नकोच, ताई." टेप मोडीत द्यावी.

कलम ३. लाल वही न वाचता जाळावी. ती काय आहे हे मात्र इथे सांगायला हवं.

कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून मी या व्यवसायात उतरले तेव्हा जवळ एका घराच्या इसारापुरतेच पैसे होते. बंद घरं हेरायला शिकले: दाराशी साचलेलं टपाल, दिवसाही जळत राहिलेला ओट्यावरचा दिवा, पायरीच्या भेगेतलं गवत. खांबांवर पत्रकं चिकटवली, न्हाव्याच्या आणि वाण्याच्या दुकानात कार्डं ठेवली, गाडीच्या मागच्या काचेवर फोन नंबर लिहिला. काळं कुत्रंही विचारेना. मग मालकांचे पत्ते शोधून हाताने पत्रं लिहू लागले. सव्वीस पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. सत्ताविसाव्यात एक वाक्य वाढवलं: 'लहानपणी मी तुमच्या घरात खेळले आहे.' चौथ्या दिवशी फोन आला.

माणसं घर परक्याला विकायला कचरतात. त्या घराची आठवण असलेल्याला मात्र चार पैसे कमी घेऊनही देतात. हे कळल्यावर मी प्रत्येक घरासाठी एक आठवण तयार करू लागले. रस्त्यावरून जे दिसे त्यातूनच: वेल, निळी काच, मोडका कठडा. कुणाला काय लिहिलं याचा घोळ होऊ नये म्हणून लाल वहीत नोंद ठेवली. बाजारातल्या एका दलालाला, ज्याला सगळे गोडबोल्या म्हणतात, हे समजलं तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुम्हाला बालपणं तरी किती?" मी त्याच्याशी सहा वर्षं बोलले नाही. नंतर त्याने माझंच वाक्य स्वतःच्या पत्रात वापरलं, तो राग वेगळा. आज दोन्ही राग सोडते. प्रश्न त्याचा बरोबर होता.

कलम ४. गल्लीच्या टोकाचं हिरव्या दाराचं घर त्याचे मूळ मालक, सुतारकाका, यांना परत मिळावं. ते ब्याऐंशी वर्षांचे असून सध्या वृद्धाश्रमात आहेत. वकीलबाई हसून म्हणाल्या, "तुम्ही सत्तेचाळीसच्या. कोण कोणामागे राहणार?" मी म्हटलं, एकदा ती चौकट बघून या. त्या गेल्या नाहीत.

या घरासाठी मी पत्रात लिहिलं होतं: 'तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर माझीही उंची कुणीतरी मापली होती.' मुलं असलेल्या घरात अशी एखादी चौकट असायचीच, एवढाच माझा अंदाज. उत्तर एका ओळीचं आलं: 'ती दुसरी तूच का? ये.'

मी गेले. काका मला थेट चौकटीपाशी घेऊन गेले. पेन्सिलीच्या आडव्या रेघांच्या दोन रांगा होत्या.

"ही डावीकडची माझ्या पोरीची. उजवीकडची तिच्या मैत्रिणीची. दोघी टाचा जुळवून उभ्या राहायच्या आणि एकमेकींना मापायच्या. मैत्रिणीचं नावगाव मी कधी विचारलं नाही बघ. दिवसभर हातात रंधा." त्यांची मुलगी आठव्या वर्षी तीन दिवसांच्या तापात गेली. "त्या दिवशी मी लाकूड आणायला गेलो होतो. तू होतीस तिच्याजवळ. काही म्हणाली का गं ती?"

मला काही माहीत नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. विक्रीचे कागद माझ्या पिशवीत होते. मी म्हणाले, "म्हणाली, बाबा येईपर्यंत दार लावू नको."

काकांनी स्वयंपाकघराच्या त्या दारावरून हात फिरवला. मग त्यांनी बाजारभावाच्या निम्मी किंमत सांगितली आणि एकच मागणं केलं: हे दार लावायचं नाही. मी हो म्हटलं. सही झाली.

ते दार त्यानंतर खरोखरच लागलं नाही. बिजागऱ्या दोनदा बदलल्या, फळी तासली. लोटलं की हळूच उघडतं. तीन भाडेकरू आले आणि गेले. शेवटच्या शिक्षिकाबाई किल्ली परत देताना म्हणाल्या, "भर दुपारी हो! त्या चौकटीला पाठ लावून कुणीतरी टाचा जुळवून उभं आहे असं वाटतं. त्रास काही नाही. पण आपण जाऊन मापावं अशी वाट बघत असल्यासारखं."

चौकटीला चार वेळा रंग दिला. रेघा दर वेळी वर आल्या. जुनी पेन्सिल अशी उमटते, असं रंगारी सांगायचा आणि मी ते मानायचे. पण डावी रांग जिथल्या तिथे आहे. उजवी वाढते. दर वेळी वर एक नवी रेघ. रंगाऱ्याला खोदून विचारलं तर चिडला: "मी रंग देतो, ताई, मापं घेत नाही." नऊ महिन्यांपूर्वी रेघ माझ्या हनुवटीशी आली. तेव्हाच ही वही बंद केली. काल त्याने मला चौकटीला टेकून उभं केलं आणि डोक्यावर पट्टी धरली. रेघ बरोबर माझ्या माथ्याशी होती. पट्टी खाली घेत तो म्हणाला, "पुरी वाढली म्हणायची."

लहानपणी आपण कुठे राहत होतो, हे धाकटीला विचारलं. ती म्हणाली, "आई सांगायची ना, तू आठ वर्षांची असताना आपण काही महिने दुसरीकडे राहिलो होतो. मी तान्ही होते. तू तापाने फणफणलीस, आणि उठलीस तेव्हा तुला मागचं काहीच आठवेना. कुठे राहिलो ते मात्र आईने कधी सांगितलं नाही."

माझ्या वह्या पंधराव्या वर्षापासूनच्या आहेत. त्याआधीचं तपासायला माझ्याकडे काही नाही. हल्ली मला ती खोली आठवते: ओल्या फडक्याचा वास, लाकडाचा भुसा, शेजारी कुणाचा तरी भराभर चाललेला श्वासोच्छ्वास. हे मी लाल वहीत लिहिलेलं नाही; तीनदा पाहिलं. तरी एक स्पष्ट नोंदवते. त्या दिवशी बोलताना मला काहीही आठवत नव्हतं. वाक्य उद्या खरं ठरलं तरी मी ते खोटं म्हणूनच बोलले, घर स्वस्तात मिळावं म्हणून बोलले.

माझ्यानंतर धाकटीने हे कलम काकांना वाचून दाखवावं, असं लिहिणार होते. पण मेल्यावर कबूल करणं ही पळवाट झाली. ती सूचना लिहीत नाही.

कलम ५. माझा फोन नंबर बंद करावा. खांबांवर उरलेली पत्रकं धाकटीने खरवडून काढावीत. माझं म्हणून कुणीही कुणाला पत्र लिहू नये.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार पहिला: रंगारी (सही)
साक्षीदार दुसरी: शेजारची शिंपीण (सही)
लिहून ठेवणारी: (सही)
स्थळ: हिरव्या दाराचं घर, स्वयंपाकघर
दिनांक: ११ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं

वेळ मुद्दाम लिहिली. शिंपीण सही करत असताना ते दार आपोआप लोटलं गेलं आणि लागलं. कडीचा आवाज आला. रंगारी म्हणाला, "वारा नाही, ताई." शिंपिणीला या दाराची गोष्ट आधी माहीत नव्हती, मी वाचताना ऐकली तेवढीच. ती पेन खाली ठेवून म्हणाली, "कुणीतरी आलं वाटतं." आम्ही तिघंही उठलो नाही. 'बाबा येईपर्यंत' हे माझेच शब्द आठवले आणि वृद्धाश्रमात लगेच फोन केला. कुणी उचलला नाही. भेटीची वेळ सकाळी दहाची.

उद्या: दहाच्या आत काकांकडे जाणे, आणि ते वाक्य मी बनवलं होतं हे त्यांना तोंडावर सांगणे.